मदत हवी आहे: आईची शुगर, गोळ्या आणि बिनालेबलची पावडर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, डायबेटिस सात वर्षं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दोन वेळा. शिवाय तिचं स्वतःचं खातं वेगळंच, सकाळी मेथ्यांचं पाणी, मग कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पावडर, आणि दोन महिन्यांपासून भिशीतल्या एका मावशींनी आणून दिलेली पावडर, गुडमार (शुगरसाठी घेतात ती एक वनस्पती) आहे म्हणतात पण डब्यावर लेबलच नाही. गुडमारचं पान चावलं की साखरेची गोडी कळत नाही ना, म्हणून मी ती पावडर जिभेवर घोळवून वर साखर टाकून बघितली, चांगली गोड लागली की! (ही काही टेस्ट नव्हे, कळतंय मला.)

परवा संकष्टीला उपास, तरी गोळी आणि कारल्याचा रस दोन्ही घेतलं. संध्याकाळी साडेसातला हात थरथरायला लागले, घामाने ब्लाउज भिजला, ग्लुकोमीटरवर शुगर ५८, म्हणजे फारच कमी. मी साखरेचं पाणी पुढे केलं तर म्हणते, अगं चंद्रोदय व्हायचाय अजून! रागावून पाजलं शेवटी.

डॉक्टरांनी मागे विचारलं होतं आणखी काही घेता का, तर ही म्हणाली काही नाही. बाहेर आल्यावर मला म्हणते, ते काय औषध आहे का, घरचंच तर आहे. त्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.४ वरून ७.१ आलं, ते सगळं क्रेडिट पावडरीला. गोळीचा डोस त्याच सुमारास वाढवला होता हे कोण सांगणार.

डबा मी लपवलाय, पुढच्या आठवड्यात तो घेऊनच डॉक्टरांकडे जाणार आहे. अशा पावडरीत कधीकधी शुगरची अ‍ॅलोपॅथी गोळीच कुटून घातलेली सापडते, मग तपासून कुठे मिळेल, खाजगी लॅब एवढंसं सँपल घेतात का? कुणी करून घेतलंय?

दुसरं, तिच्या तळपायाला मुंग्या येतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की व्हिटॅमिन बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात, म्हणून केमिस्टने दिलेली मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप मी अजून फोडली नाहीये, आधी रक्त तपासावं म्हणून. बरोबर करतेय ना?

आणि ज्यांच्या घरी असंच आहे त्यांनी सांगा, उपासाच्या दिवशीच्या गोळीचं तुमच्या डॉक्टरांनी काय ठरवून दिलंय? उपास सोड म्हटलं तर ही मलाच सोडेल.