९ ऑगस्टला शाळेत आर्क्टिक खेळ: हाय किक आणि स्टिक पुलची मांडणी कशी करावी?

मैदानमास्तर

आमची आश्रमशाळा नाशिक विभागातली, निवासी, पाचवी ते दहावी. प्रकल्पस्तरीय स्पर्धांसाठी कबड्डी, खो-खो, धावणे यांची तयारी दरवर्षी होतेच. यंदा जागतिक आदिवासी दिनाला दुसऱ्या देशांतल्या आदिवासी मुलांचे खेळ आपल्या मुलांनी खेळून बघावेत असे ठरले आहे. आर्क्टिक विंटर गेम्स (उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांची क्रीडास्पर्धा) यातले वन-फूट हाय किक (एका पायाने उंच टांगलेल्या लक्ष्याला लाथ), नील जंप (गुडघ्यांवरून उडी) आणि स्टिक पुल (निसरडी काठी ओढणे) हे तीन निवडले, कारण साहित्य जवळजवळ लागत नाही. व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण बाद कधी धरायचे ते त्यातून कळत नाही. लक्ष्य कशाचे करायचे, टांगायचे कसे? स्टिकची लांबी-जाडी किती? मुले १२०, वेळ साडेतीन तास. पाऊस असणारच, तेव्हा मैदान धरू नका. पत्र्याची शेड आहे, ४० बाय २५ फूट, खाली शहाबादी फरशी.

हिमरेषा

सर, निवड फार चांगली आहे. मुलांना सांगताना एक गोष्ट मात्र नेमकी सांगा. आर्क्टिक विंटर गेम्स फक्त आदिवासींचे नाहीत. १९७० साली कॅनडातल्या यलोनाइफला अलास्का, युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज या तीन संघांनी सुरुवात केली. आज ग्रीनलंड, नुनावुत, उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा सापमी असे संघही येतात, दर दोन वर्षांनी. त्यात हॉकी-व्हॉलीबॉलही असते. त्यातले ‘आर्क्टिक स्पोर्ट्स’ हे आर्क्टिकमधल्या इनुइट आदिवासींचे, आणि ‘डेने गेम्स’ हे उत्तर कॅनडातल्या डेने आदिवासींचे. हाय किक आणि नील जंप इनुइटांचे, स्टिक पुल डेन्यांचा. खास आदिवासी तरुणांचेच म्हणाल तर ते नॉर्थ अमेरिकन इंडिजिनस गेम्स, १९९० पासूनचे, पहिले एडमंटनला. इनुइटांसाठी वापरला जाणारा ‘एस्किमो’ हा शब्द फलकावर नको. कॅनडात तो अपमानकारक मानतात.

आता हाय किक. मूळ लक्ष्य सीलच्या कातड्याचा छोटा चेंडू. तुम्ही जुन्या मोज्यात चिंध्या ठासून लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा करा. शेडच्या छताखालच्या कैचीला कप्पी बांधा, दोरी त्यातून घेऊन खांबाला खुंटीवर गुंडाळा, म्हणजे उंची खालूनच बदलता येते. दोरी बारीक नायलॉनची घ्या. सुती दोरी दमट हवेत लांबी बदलते आणि मग प्रत्येक वेळी टेप लावावा लागतो. उंची जमिनीपासून गोळ्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, आणि गोळा हलायचा थांबल्याशिवाय पुढच्याला सोडू नका.

नियम चार ओळींचे आहेत, पण सगळा खेळ त्यातच आहे. धावत या किंवा उभ्यानेच सुरू करा, उडी मात्र दोन्ही पाय एकदम उचलून घ्यायची. एका पायाने गोळ्याला स्पष्ट स्पर्श करायचा. मग त्याच पायावर उतरायचे. दुसरा पाय टेकण्याआधी त्या एका पायावर तोल सावरलेला दिसला पाहिजे. प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न, बरोबरी झाली तर कमी चुकलेला वर.

नव्या मुलांची लाथ बहुधा लागते; बाद होतात ती उतरताना. उजव्याने मारले की शरीर आपोआप डाव्यावर येते, कारण लंगडीत आपली सवय तशीच असते. म्हणून पहिली पंधरा मिनिटे लक्ष्य न लावता घ्या: दोन पायांनी उडी, गुडघा छातीकडे, मारणारा पाय सरळ खाली. नंतर गोळा कमरेइतका. तिथे उतरणे जमले की मगच वर. पंच दोन ठेवा. एकाने फक्त गोळा बघायचा, दुसऱ्याने फक्त पाय. एकाच माणसाला दोन्ही दिसत नाही, आणि वाद तिथेच होतात.

मुलांना १२० सेंमीपासून सुरू करा, १० सेंमीने वाढवा, निम्मी मुले बाद झाली की ५ सेंमीने. तिकडचे चांगले पुरुष खेळाडू आठ फुटांच्या वरचे लक्ष्य गाठतात. हे मुलांना सांगाच, आणि तेवढी उंची भिंतीवर खडूने आखून ठेवा.

कोयता_दांडा

स्टिक पुलबद्दल. आकार डोळ्यांसमोर हवा असेल तर पोळीचे लाटणे आठवा, मुठी नसलेले: मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळते. साधारण एक फूट लांब, मधे इंचभर. सागाची किंवा बाभळीची काठी रंधून पॉलिश पेपरने घासून घ्या. बांबू नको, ओढताना चिरतो आणि तळहातात कुसळे जातात. तिकडे वनस्पती तुपासारखी चरबी फासतात, तुम्ही डालडा घ्या. खोबरेल पातळ पडते, पहिल्या ओढीतच पुसले जाते. प्रत्येक टोकाला अर्धा चमचा, आणि प्रत्येक फेरीनंतर पुसून नव्याने. हे चुकवलेत तर दुसऱ्या फेरीपासून काठी कोरडी होत जाते आणि शेवटच्या मुलांना वेगळाच खेळ मिळतो.

दोघे शेजारी, तोंडे विरुद्ध दिशांना, उजव्या पावलांच्या बाहेरच्या कडा एकमेकांना टेकवून. काठी उजव्या हातात, हात खाली सरळ, एकेक टोक एकेकाकडे. पंच मधला भाग धरून समतोल बघतो आणि सोडतो. मग सरळ मागे, सलग जोराने ओढायचे. हिसका नाही, पिळणे नाही, दुसरा हात लावायचा नाही. तीनपैकी दोन. निसरडा मासा शेपटीकडे धरून ठेवायची ताकद यातून येते असे डेने लोक सांगतात, आणि एकदा खेळून पाहिले की ते पटते. दंडाच्या जोरावर हा जिंकता येत नाही. करंगळी आणि अनामिका घट्ट राहिली तो जिंकतो, त्यामुळे बारीक चणीची मुले धट्ट्याकट्ट्यांना हरवतात.

धोका एकच: काठी सुटली की सुटलेला हात कोपरासकट मागे जातो. मागे दोन मीटर मोकळे ठेवा, बघणारी मुले बाजूला बसवा. डालडा फरशीवर पडतोच, म्हणून हा खेळ शेडच्या टोकाला, खाली पोते अंथरून. हाय किकच्या धावपट्टीजवळ अजिबात नको.

नील जंप थोडक्यात: गुडघे रेषेमागे, पावलांची वरची बाजू जमिनीला सपाट, हात झोकून पुढे उडी, दोन्ही पायांवर उतरून स्थिर. रेषेपासून जवळच्या टाचेपर्यंत मोजा. पायाची बोटे मुडपून रेटा घेतला की बाद. सगळे तेच करतात, म्हणून पंच मागे बसवा.

मैदानमास्तर

दोघांचेही आभार. दोन शंका. फरशीवर कबड्डीच्या मॅट टाकल्या तर चालेल का? आणि साडेतीन तासांत १२० मुले बसतील का?

हिमरेषा

मॅट हव्यातच. दमट शहाबादीवर एका पायावर उतरणे म्हणजे घोटा मुरगळण्याला आमंत्रण. फक्त दोन मॅटच्या सांध्यावर उतरायची जागा येऊ देऊ नका आणि मॅटवर मॅट चढवू नका. जास्त मऊ झाले की तोल जातो. मुले अनवाणी, पाय पुसून.

वेळेचे गणित: ४० जणांचा गट, प्रत्येकी सरासरी आठ प्रयत्न, दर प्रयत्नाला २० सेकंद, म्हणजे एका लक्ष्यावर पावणेदोन तासांच्या पुढे. दोन लक्ष्ये टांगा, तासाच्या आत होते. तीन गट, तीन खेळ, तासातासाने फिरवा. उरलेला अर्धा तास दाखवण्यासाठी. धाव २५ फुटांच्या बाजूने घ्या, लक्ष्य समोरच्या कठड्यापासून दहा फूट अलीकडे, दोन लक्ष्यांत बारा फूट अंतर.

सावलीतली_ताई

सर, एक प्रथाही सोबत घ्या. आर्क्टिक स्पोर्ट्समध्ये खेळाडू प्रतिस्पर्ध्यालाच उघडपणे सल्ला देतात: ‘हात आधी झोक’, ‘नजर गोळ्यावर ठेव’. चुकलेल्याला पुढच्या प्रयत्नाआधी समोरचाच सांगतो. तुमच्या मुलांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर गप्प बसणे हाच शिष्टाचार वाटेल. तिथली पदके उलूच्या आकाराची असतात. उलू म्हणजे इनुइट बायकांची अर्धगोल पात्याची सुरी. तुम्ही पुठ्ठ्याचा उलू करण्यापेक्षा आपल्या विळ्याच्या किंवा तारपा या वाद्याच्या आकाराचे पदक करा. तीच कल्पना, वस्तू आपली.

हेड पुल किंवा नकल हॉप कुणी सुचवले तर शाळेत घेऊ नका. पहिल्यात डोक्याला पट्टा लावून मानेने ओढायचे असते, दुसऱ्यात मुठींवर आणि पायाच्या बोटांवर उड्या मारत जायचे. वाढत्या वयाच्या मानेला आणि मनगटाला ते झेपत नाही.

आणि चौथा खेळ आपला ठेवा, गेडी, म्हणजे बांबूंवर चढून चालणे. छत्तीसगढमध्ये हरेलीच्या सणाला आणि आपल्याकडे गडचिरोली-गोंदिया पट्ट्यात मुले ती चिखलाच्या दिवसांतच चढतात, म्हणजे ऑगस्ट तिचाच. सहा फुटी दोन बांबू, पाय ठेवायचे लाकूड जमिनीपासून फूटभर, बांबूच्या गाठीच्या बरोबर वर. गाठ सोडून मधे बांधलेत तर वजन पडताच लाकूड घसरत खाली येते. पाऊस थांबला की मैदानात २० मीटर. पाय टेकला तर तिथूनच पुन्हा चढायचे.