टॅक्स म्हणजे चोरी? मेहुण्याशी वाद झालाय, जरा समजावून सांगा

म्हापशेकर
चवथीला मेहुणा आलेला पुण्याहून. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधता बांधता जीएसटीचा विषय निघाला आणि हा सरळ म्हणाला टॅक्स म्हणजे चोरी, फरक एवढाच की पावती मिळते. स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो, म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्यात सरकारनं कमीत कमी हात घालावा असं मानणारा. मी म्हटलं मग रस्ता कोण करणार, तर दारातल्या खड्ड्याकडं बोट दाखवून हसला. माझ्या दोन रूम पर्यटकांना जातात, लायसन आणि रजिस्ट्रेशनच्या फेऱ्या मारून मीही वैतागलोय त्यामुळं अर्धं पटतं, पण अर्धं नाहीच पटत. ह्या लोकांना सरकारच नकोय का? सोपं सांगा, पुस्तकं वाचायला लावू नका.

काजूगर
त्यांच्यात दोन तट आहेत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डसारखे म्हणतात सरकारच नको, पोलीससुद्धा खाजगी चालतील. दुसरे म्हणतात सरकार असू दे पण रात्रीच्या राखणदारासारखं, सैन्य पोलीस कोर्ट आणि बास. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकनं 1974 साली मांडलं की कमाईवरचा टॅक्स हा वेठबिगारीच्याच पंगतीतला, कारण तेवढे तास तुला दुसऱ्यासाठी राबायला लावलेलं असतं. मेहुणा तिथूनच बोलतोय. हायेक आणि फ्रीडमन हे मोकळ्या बाजाराचे अर्थतज्ज्ञ एवढे टोकाचे नाहीत, हायेकला गरिबाला किमान उत्पन्नाची हमी चालत होती.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं समजू नको. आपल्याकडं 1973-74 ला इन्कम टॅक्सचा वरचा दर सरचार्ज धरून 97.75 टक्के होता, म्हणजे वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये तुझे! राजाजींनी 1959 ला स्वतंत्र पक्ष काढला तो लायसन-परमिट राजच्या विरोधातच. शेतकरी नेते शरद जोशींचं 'भीक नको, हवे घामाचे दाम' तर सगळ्यांनी ऐकलंय, तिकडं महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, शेतकऱ्यानं पिकवायचा पण विकायचा फक्त सरकारला, ह्याला काय म्हणशील?

आपल्या गोव्यातच बघ ना, अबकारी खातं काजूच्या झोनांची (ठरवून दिलेल्या भागांची) पावणी म्हणजे लिलाव करतं, ज्याला झोन लागला त्याचीच तिथं भट्टी. हुर्राक (काजूची दारू) काढायला बोंडू म्हणजे काजूचं फळ आपलं, घाम आपला, आणि हक्क मात्र पावणीत घ्यायचा. मला तरी ह्यात मेहुण्याचं बरोबर वाटतं.

डिचोलीकार
काजूचं ठीक आहे हो, पण आमच्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात येऊन हे बोलून दाखवा. खाणीच्या धंद्यात बाजार मोकळाच सुटला होता की. केंद्रानं नेमलेल्या शाह आयोगानं 2012 ला गोव्यातल्या बेकायदा खाणकामाचं नुकसान जवळपास 35 हजार कोटी काढलं, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, मग 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीज रद्द. शेतात गाळ, विहिरी आटलेल्या, आणि बंद पडल्यावर कर्ज काढून ट्रक घेतलेले लोक वाऱ्यावर. पुस्तकी लिबर्टेरियन म्हणेल ज्याचं नुकसान झालं त्यानं कोर्टात जावं. अहो एका कुळानं कंपनीविरुद्ध किती वर्षं वकील पोसायचा? राखणदारच झोपलेला असेल तर राखणदार पुरे ही थिअरी काय कामाची.

काजूगर
राखणदार झोपला म्हणजे तो सरकारी होता हे पण लिहा ना मग :)

मानशीवाला
दोघांचं वाचून मला गोव्यातली जुनी गावकारी आठवली. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची पद्धत, जमीन गावाची, तुकडे पावणीत लागवडीला द्यायचे, आलेल्या पैशांतून बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), देवळाचा खर्च, उरलं तर गावकारांना, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांना, झण म्हणजे वाटा. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, खारं पाणी अडवायचं काम कुठल्या खात्यानं नाही केलं, गावानं केलं. गोवा मुक्तीनंतर कूळ कायदे आले, कसणाऱ्याला संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं, पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर गेली आणि बऱ्याच ठिकाणी बांध फुटले ते फुटलेच. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉमला 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण असल्याच गोष्टीसाठी, की सामायिक मालमत्ता लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, दर वेळी सरकार किंवा खाजगी मालक लागतोच असं नाही. पण फार गहिवरून जाऊ नका, झण बहुतेक करून गावकारांच्या पुरुष वंशजांनाच, बाया आणि बाहेरून येऊन वसलेले त्यात नाहीत. आणि बांधाची वर्गणी चुकवणाऱ्याला गाव सोडत नव्हतं. मग तो टॅक्स नव्हे तर काय?

हां आणि मेहुण्याला हे पण विचार: फ्रीडमन म्हणायचा की त्यातल्या त्यात कमी वाईट टॅक्स म्हणजे मोकळ्या जमिनीच्या किमतीवरचा. वर्षातनं पंधरा दिवस उघडणारे बंगले ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्यावर तो लावला तर त्याला चालेल का.

म्हापशेकर
मानशीवाला, हे भारी आहे, कारण त्याचाच एक फ्लॅट कळंगुटला बंद पडून असतो 😄 आत्ताच व्हॉट्सॲपवर विचारलं. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. इकडं धाकटा भाऊ (टॅक्सी चालवतो) मागं उभा राहून वाचतोय, म्हणतो मोकळा बाजार वगैरे सगळं बरं आहे पण ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांचं नाव काढू नको घरात.