सोऱ्याला स्टँड केलंय, विकायला काढू का?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं छोटं वर्कशॉप आहे, लूमचे पार्ट करतो. आईला संधिवात. मागच्या दिवाळीत चकल्या करताना तिचं मनगट असं सुजलं की विचारू नका, एका हाताने सोऱ्या धरायचा दुसऱ्याने दांडा पिळायचा, आणि पीठ जरा घट्ट झालं की आख्खा सोऱ्याच हातात गरगर फिरतो. मग दोन संध्याकाळ बसून ओट्याच्या कडेला क्लॅम्पने आवळायचं एक स्टँड केलं, सोऱ्या त्यात घट्ट बसतो, दांड्याला लांब हँडल लावलंय, बोटाने फिरतं. शेजारच्या दोघी मागतायत. बायको म्हणते एवढ्याशा गोष्टीला कोण पैसे देणार. तुम्हाला काय वाटतं? व्हिडिओ संध्याकाळी टाकतो.

ताकभात:
वहिनींना सांगा एवढ्याशाच गोष्टी चालतात. सुमीत मिक्सर आठवतोय? मुंबईला सीमेन्समध्ये इंजिनियर होते सत्यप्रकाश माथुर, घरचा परदेशी मिक्सर आपली वाटणं करून जळला, मग त्यांनी स्वतःच दणकट मोटरचा बनवला, १९६३ साली बाजारात आणला. त्या परदेशी मिक्सरचा काय दोष, भिजवलेली डाळ आणि ओलं खोबरं त्याच्या गावीच नव्हतं. तसंच निळीचं. पावडर पाण्यात नीट विरघळायची नाही, आख्खी पाचवी मी शर्टावर निळे ठिपके घेऊन काढलीय. केरळात त्रिशूरकडे एम. पी. रामचंद्रन यांनी १९८३ मध्ये पातळ नीळ काढली, तीच उजाला. थेंब टाका, ढवळा, झालं.

सुगरण_आजी:
बाळा, आईसाठी केलंस हे फार छान. पण एक सांग, सोऱ्या जागेवर घट्ट बसवलास तर चकलीचे वेढे कोण घालणार? हातात असतो तेव्हा आपण पिळता पिळताच गोल फिरवतो ना. आणि शेव तर थेट कढईवर पाडायची असते, कढई काय ओट्याच्या कडेला आणणार? कडबोळ्यांचं तर सोडूनच दे, ती हातानेच.

खटपट्या:
आजी पकडलंत 😅 सध्या आई हँडल फिरवते आणि मी खाली ताटली फिरवतो. म्हंजे माणसं दोन लागतात.

भांडीवाला:
ताटलीखाली बेअरिंगवालं फिरतं पाट बसवा, केकला आयसिंग करायला असतं तसलं, डाव्या हाताने फिरेल. आमचं सांगलीत भांड्यांचं दुकान आहे म्हणून अनुभवाचं बोलतो, गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारतं, केवढ्याला, धुवायला सोपं का, आणि पार्ट मिळतो का. कुकरचंच बघा, रिंग आणि शिट्टी घ्यायला रोज माणसं येतात, कुकर घ्यायला कधीतरी. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, वाफच ते दाबून धरते, प्रेशर उतरल्याशिवाय उघडतच नाही, डोकं लावलेली वस्तू. पण नव्या सुनेला ते तिरकं करून आत कसं घालायचं हे आम्ही अजून काउंटरवर दाखवतो. तुमच्या स्टँडचंही तसंच होणार, दाखवल्याशिवाय खपणार नाही. आणि हो, घडी होऊ द्या त्याची. दिवाळीचे चार दिवस सोडले तर सोऱ्या माळ्यावरच असतो.

कायदेकानू:
थांबा थांबा, व्हिडिओ टाकू नका!! नुसतं दिसणं राखायचं असेल तर डिझाइन नोंदणी असते, १० वर्षं आणि पुढे ५ वाढवून मिळतात, पण अर्जाआधी जगजाहीर केलेलं डिझाइन नवीन धरत नाहीत. आतली करामत राखायची तर पेटंट, ते २० वर्षांचं, खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. क्लॅम्प आणि हँडल एकत्र केलं एवढ्यावर पेटंट मिळणं मला अवघड वाटतं. फिरत्या पाटाचं काही वेगळं जमलं तर एखाद्या पेटंट एजंटला विचारा.

सुगरण_आजी:
कायद्याचं नंतर बघा रे. आधी पाच घरांत आठ-आठ दिवस वापरायला दे, तू तिथे थांबू नकोस. तू समोर असलास की बायका छानच म्हणणार.

खटपट्या:
व्हिडिओ रद्द. काल पाटाला सायकलचं जुनं बेअरिंग लावून बघितलं, आईने एकटीने अकरा चकल्या पाडल्या, बारावी घालताना ताटलीच उडाली. आता पाटाला कड करतोय. शेवेचं तूर्त सोडलं, आजी.