आई गावी परत जाते म्हणतेय, पाठवावं का?

कोपरखैरणे_६वा_मजला:
दिवाळीत वडील गेले, मी आईला पाटणजवळच्या गावाहून इथे कोपरखैरण्याला आणलं. वय ७६. सात महिने झाले पण तिला करमत नाही म्हणजे नाहीच. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, दार कायम बंद, आम्ही दोघं आठच्या लोकलला, मुलगा क्लासला, मग ती संध्याकाळपर्यंत खिडकीत. परवा म्हणाली, "मला वाशीला एसटीत बसवून दे, पंच्याहत्तरीनंतर तिकीट पण लागत नाही." मला वाटतं पाठवावं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात घर पडलं तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासूसासऱ्यांबरोबर दगडमाती वाहून तिने ते परत उभं केलं, त्या घरात जीव अडकला तर तो हट्ट कसा? भाऊ म्हणतो लोक नावं ठेवतील.

ऐरोलीकर:
नका पाठवू ताई. माझ्या वडिलांना आम्ही असंच पाठवलं, न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. आख्खी आळी मुंबई-पुण्याला, सकाळी दूधवाला आला तेव्हा कळलं, रात्रभर माणूस थंड फरशीवर. लोकांचं सोडा हो, पण हे मी अजून विसरू शकत नाही. आणि सात महिने म्हणजे काहीच नाहीत, नवरा गेलाय त्यांचा, गावी गेल्या तरी ते दुःख ओसरीवर बसलेलंच असणार.

घणसोलीची सून:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. माझे सासरे माथाडी, वाशीच्या कांदाबटाटा मार्केटला. सातारा-सांगलीकडची किती माणसं या कामापायी इकडे आली. सासूबाई पण गावाहूनच आल्या पण तेव्हा लाईनीतली घरं, दारं उघडी, चौघीजणी मिळून वाकळ शिवणार, त्यामुळे रुळल्या. तुमच्या टॉवरपासून माथाडींची घरं चालत दहा मिनिटं असतील, तिथे पाटणकडचे ढिगाने भेटतील. नेलंत का कधी?

कोपरखैरणे_६वा_मजला:
खरं सांगते, चार महिने सुचलंच नाही, ही माझी चूक. गेल्या महिन्यात एका भजनी मंडळात नेलं, तिच्या माहेरच्या गावची एक बाई भेटली, दोघी गळ्यात पडून रडल्या. त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली. पण सकाळी परत तेच, मृग लागायला आला, भाताचा तरवा कोण टाकणार?

ऐरोलीकर:
म्हणजे इथे रुळायला लागल्यात की! आत्ता कुठे ओळख झालीय आणि तुम्ही लगेच बॅग भरताय.

घणसोलीची सून:
अहो दादा, शेताची ओढ भजनाने भागत नाही. लावणी उरकेपर्यंत राहू दे, गणपतीला घेऊन या.

कोपरखैरणे_६वा_मजला:
मलाही हेच बरं वाटतंय. गावच्या गवंड्याला फोन केलाय, न्हाणीत आधाराला दांडा बसवून खाली खडबडीत लाद्या टाकतोय.

ऐरोलीकर:
दांडा बसवा. पण रात्री सोबतीला कोण झोपणार, ते आधी ठरवा ताई.