जालावर अवचित सापडलेले : आपले अनुभव लिहा

भलतेच काही शोधत असताना जालावर (इंटरनेटवर) एखादे पान समोर येते, हातातले काम बाजूला राहते आणि वाचलेले कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. अशा सापडलेल्या गोष्टींविषयी येथे लिहावे, ही विनंती. नुसता दुवा पुरेसा नाही. त्या पानाने आपल्याला कशात गुंतवले आणि त्यातून पुढे काय हाती लागले, तेही यावे. ढकलपत्रांतून, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकललेल्या ईमेलमधून, फिरणाऱ्या ‘अजब पण सत्य’ याद्या कृपया नकोत. त्यांत अजब भरपूर असते, सत्य बेताचेच.

सुरुवात मीच करतो. डांबर घन की द्रव, या शंकेचे उत्तर शोधताना मला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात चाललेल्या एका प्रयोगाचे थेट चित्रण सापडले. हातोडीने ठोकल्यास ज्याचे तुकडे उडतात ते डांबर वाहतेही, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये तापवलेले डांबर एका बंद नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे ते स्थिरावू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे टोक कापले. तेव्हापासून २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. या प्रयोगाची देखभाल पाच दशके करणाऱ्या जॉन मेनस्टोन यांना मात्र एकही थेंब पडताना पाहता आला नाही. १९८८ मध्ये ते काही प्यायला म्हणून जरा बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब सुटला. २००० मध्ये कॅमेरा लावलेला होता, तर ऐन वेळी तोच बंद पडला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि नववा थेंब पडला तो पुढच्या वर्षी. पडद्यावर दिसते ते एवढेच : काचेच्या झाकणाखाली नरसाळे, त्याच्या टोकाशी लोंबणारा काळाभोर, चकाकता गोळा आणि खाली पूर्वीच्या थेंबांचा साचलेला ढीग. काहीही घडत नाही, तरी पान बंद करवत नाही.

*

काहीही न घडणारे चित्रण म्हटल्यावर केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्याचा उल्लेख व्हायलाच हवा. भांड्यात कॉफी उरली आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावे म्हणून तेथील संशोधकांनी १९९१ मध्ये त्यावर कॅमेरा रोखला आणि १९९३ मध्ये ते चित्र जालावर सर्वांसाठी खुले झाले. ऑगस्ट २००१ मध्ये कॅमेरा बंद केल्यावर त्या भांड्याला लिलावात ३,३५० पौंड मिळाले. आळसाला इतका भाव आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

*

व्हॉयेजर १ हे यान पृथ्वीपासून किती दूर आहे, ते क्षणाक्षणाला दाखवणारे एक पान नासाने ठेवले आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले हे यान सूर्याच्या संदर्भात सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चालले आहे, त्यामुळे पानावरचा आकडा सतत वाढत राहणार, हे मी गृहीतच धरले होते. एकदा पाहतो तो पृथ्वीपासूनचे अंतर चक्क कमी होत होते. शेवटचे अंक डोळ्यांसमोर उलटे धावत होते आणि त्याच पानावर सूर्यापासूनचे अंतर मात्र नेहमीसारखे वाढत होते.

उलगडा त्या दुसऱ्या आकड्यातच होता. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे यानापेक्षा बरीच जास्त वेगाने. वर्षाचा काही काळ तिची वाटचाल यानाच्या दिशेने होत असते आणि त्या दिवसांत यान पळत असूनही आपण त्याच्या अधिक जवळ जात असतो. पृथ्वी फिरते, हे शाळेपासून पाठ होते. पण एका आकड्यात ते असे घडताना प्रथमच दिसले. तेव्हापासून आकडा उलटा फिरू लागण्याचा आणि पुन्हा सुलटा होण्याचा काळ मी आवर्जून पाहतो.

*

आकाशाचाच विषय निघाला आहे म्हणून लिहिते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या प्रकल्पात आकाशाच्या सर्वेक्षणातील दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, म्हणजे गॅलेक्सींची) छायाचित्रे सामान्य लोकांसमोर ठेवली जात आणि दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल, सर्पिल असल्यास तिचे बाहू घड्याळाच्या दिशेने वळलेले आहेत की उलट, एवढेच विचारले जाई. मी त्यात बरीच उशिरा गेले, पण त्याची हकीकत वाचून थक्क झाले. लोकांनी उलट दिशेच्या दीर्घिका लक्षणीयरीत्या अधिक नोंदवल्या होत्या. विश्वाला अशी आवड असेल, तर ती फार मोठी बातमी ठरली असती. संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून पुन्हा दाखवली. तरीही लोकांनी उलट दिशाच जास्त निवडली. कल दीर्घिकांचा नसून बघणाऱ्यांचा होता! मला हा भाग सर्वांत आवडतो, कारण चित्रे उलटवून पाहण्याची तपासणी कुणालाही समजावी इतकी साधी आहे.

याच प्रकल्पात हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ एक निळसर डाग दिसला आणि तो काय आहे, असे त्यांनी सरळ विचारले. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील एके काळच्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता. केंद्र मंदावले तरी जुना उजेड ढगावर अजून दिसत होता.

*

माझा अनुभव थोडा उलट्या अंगाचा आहे. पुराच्या पाण्याने भरलेल्या महामार्गावर गाडीच्या शेजारून शार्क पोहत असल्याचे छायाचित्र आपणही पाहिले असेल. २०११ मधील आयरीन चक्रीवादळापासून ते प्रत्येक मोठ्या पुरात नव्याने फिरते. चित्रावरून मूळ शोधण्याच्या सोयीने माग काढत गेल्यावर तो शार्क थॉमस पेशॅक यांच्या दक्षिण आफ्रिकेतील एका छायाचित्रातून उचललेला आढळला. मूळ चित्रात एका माणसाच्या छोट्या होडीमागे भलामोठा पांढरा शार्क येत आहे. गंमत अशी की खोटे वाटावे असे हे मूळ छायाचित्र अगदी खरे आहे, आणि सहज खरे वाटणारे महामार्गावरचे खोटे. आता काहीही पुढे पाठवण्यापूर्वी मी मूळ चित्र शोधतो आणि पुष्कळदा तेच अधिक रंजक निघते.

*

‘मिलियन डॉलर होमपेज’ उघडून पाहावे. शिक्षणाच्या खर्चासाठी अ‍ॅलेक्स ट्यू या इंग्लंडमधील विद्यार्थ्याने २००५ मध्ये एका पानावरचे दहा लाख पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) प्रत्येकी एका डॉलरला जाहिरातींसाठी विकायला काढले. पान जसेच्या तसे आहे, पण त्यावरचे चौकोन दाबून पाहिल्यास कितीतरी दुवे आता कुठेच जात नाहीत.

*

संख्यांची आवड असणाऱ्यांसाठी संख्यामालिकांचा एक कोश जालावर आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना अशा मालिका जमवायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये तो संग्रह जालावर आला; आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. चार-पाच संख्या टंकल्या की त्या कोणत्या मालिकेत येतात ते समोर येते, इतकेच नव्हे तर मालिका सुरांत ऐकताही येते. मला तेथे सापडलेली एक मालिका अशी : १, ११, २१, १२११, १११२२१. हिच्यात ३ पेक्षा मोठा अंक कधीच येत नाही आणि पुढे जाताना संख्यांची लांबी दर टप्प्याला साधारण ३० टक्क्यांनी वाढत राहते. पुढची संख्या येथे मुद्दाम देत नाही. आधीची संख्या मोठ्याने वाचून पाहावी आणि तरीही न जमल्यास कोश आहेच.