मदत हवी आहे: लॅपटॉपचा कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकदम बंद, दुकानात सांगतात मदरबोर्ड गेला

नमस्कार मंडळी, मांद्र्याहून लिहितेय (पेडणे तालुका, गोवा). घरच्या लॅपटॉपचा कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकाच वेळी बंद पडलेत. म्हापशाला एका दुकानात नेला तर त्यांनी मागचं झाकणही न उघडता मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल, बारा-तेरा हजार धरून चला असं सांगितलं. मला ते पटत नाहीय. मी जे जे तपासलंय ते सगळं खाली देतेय, जाणकारांनी प्लीज वाचून सांगा.

लॅपटॉप १५ इंची, विंडोज ११, वॉरंटी कधीच संपलीय. स्क्रीन मागे पूर्ण उलटी होणारा प्रकार नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण तसल्या लॅपटॉपमध्ये टॅब्लेट मोड अडकून बसला की कीबोर्ड नि टचपॅड दोन्ही आपोआप बंद होतात, तो विषय इथे नाही. पाणी, चहा काही सांडलेलं नाही, कुठे पडलेलाही नाही.

आता लक्षण. एकही की चालत नाही, कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा लागत नाही, पण कीजच्या खालचा उजेड मात्र नेहमीसारखा लागतो! पॉवर बटण बाजूला वेगळं आहे, ते चालतं. टचपॅडवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलत नाही. यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस लावला की सगळं व्यवस्थित, हे पण त्याच्यावरूनच टाइप करतेय, म्हणजे लॅपटॉप स्वतः ठणठणीत आहे.

करून बघितलेलं: बंद करून चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं, फरक नाही. फिल्टर कीज (पटकन दाबलेल्या कीज न धरणारी विंडोजची सोय) बंदच आहेत (उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली तर ते चालू होतं म्हणून आधी तेच बघितलं). डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड दिसतो आणि ठीक चाललाय असंच लिहून येतं, टचपॅडच्या जागी आयटूसी एचआयडी डिव्हाइसवर पिवळा त्रिकोण आणि कोड १०. दोन्ही अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन परत टाकले, शून्य. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) जायचा प्रयत्न केला तर लॅपटॉपच्या कीबोर्डवरून एफ२ लागतच नाही, बाहेरच्या कीबोर्डवरून लगेच लागतं. शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी वेगळी सिस्टीम) चालवून बघितलं, तिथेही दोन्ही मेलेलेच. म्हणजे विंडोजचा काही संबंध नाही हे माझ्यापुरतं नक्की झालंय, त्यामुळे फॉरमॅट मारा असा सल्ला कृपया नको.

अजून एक, याचा संबंध आहे की नाही कळत नाही पण सांगते. गेले काही आठवडे टचपॅडचं क्लिक घट्ट झालं होतं, खालच्या बाजूला दाबलं तर टक् असा आवाज यायचा तो येईनासा झाला, आणि उजवा कोपरा नखाला लागेल इतका वर आलाय. आम्ही समुद्राच्या अगदी जवळ राहतो, पावसात इथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, सायकलची चेन आठवड्यात लाल होते, तसंच आत काहीतरी गंजून फुगलं असेल का? खारी हवा आणि दमट यांनी आतल्या पट्ट्या (चपट्या वायरी) खराब होतात असं वाचलंय.

घाई आहे कारण बाबांचं काम अडलंय. त्यांच्याकडे घुमट आरत्यांच्या (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणतात त्या) जुन्या वह्या आहेत, आमच्या वाड्यावर गणेश चवथीला म्हणतात त्या सगळ्या, चालीसकट, घुमटाचा ठेका कुठे बदलतो नि शामेळ (साथीचं तालवाद्य) कुठे पडतो त्याच्या खुणांसकट. काही पानं तर वाळवीने खाल्लीत. ते स्वतः इनस्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगची की-मांडणी) टाइप करतात, की-वर अक्षरांचे स्टिकर लावून शिकलेत या वयात, आणि बाहेरच्या कीबोर्डवर त्यांचा हात बसत नाही. चवथीच्या आधी पोरांच्या हातात छापील प्रती द्यायच्या आहेत. फाइल्स पेनड्राइव्हवर नि गुगल ड्राइव्हवर दोन्हीकडे काढून ठेवल्यात, ती काळजी नाही.

तर विचारायचं हे की दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच वेळी जातात तेव्हा दोघांत सामाईक असं काय असतं, खरंच मदरबोर्डच की अजून काही? आणि उत्तर गोव्यात कोणी झाकण उघडून नीट तपासणारा माणूस माहीत आहे का?

प्रतिसाद: विंडोज अपडेट झालं होतं का मध्ये? माझं तसंच झालेलं, अपडेट मागे घेतलं आणि चालू झालं.

प्रतिसाद: वरच्या भावाने धागा पूर्ण वाचलेला दिसत नाही, बायोस आणि लिनक्स दोन्हीकडे बंद आहे म्हणजे अपडेटचा प्रश्न येत नाही. ताई, आधी चार्जर काढा. आत्ताच्या आत्ता. टचपॅडचं क्लिक घट्ट होणं नि कोपरा वर येणं ही बॅटरी फुगल्याची खूण आहे, बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या बरोब्बर खाली किंवा शेजारी असते. लॅपटॉप टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतो का? झाकण पूर्ण मिटतं का? फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, पेट घेऊ शकते.

राहिला कीबोर्डचा प्रश्न. कीबोर्डची चपटी पट्टी बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीला घासून मदरबोर्डपर्यंत जाते, टचपॅडची पण. बॅटरी फुगली की ती पट्टी सॉकेटमधून तिरकी ओढली जाते. उजेडाची पट्टी वेगळी असते, बारीक, म्हणून तो लागतोय. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड ठीक दिसतो त्याला काही अर्थ नाही, तो बोर्डावरचा कंट्रोलर सांगत असतो, पट्टी काढून ठेवली तरी तसंच दिसतं. टचपॅड मात्र स्वतः उत्तर देतो, तो गप्प बसला म्हणून कोड १०. मी फोंड्याला हेच काम करतो, उघडल्याशिवाय बोर्ड गेला म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

धागाकर्ती: खूप खूप धन्यवाद दादा. डुगडुगतोय! मी सपाट फरशीवर ठेवून बघितला, मागचा पत्रा मधोमध फुगलाय, आणि झाकण पुढच्या बाजूने पूर्ण टेकत नाही, एक कागद सहज आत जातो. चार्जर काढून बंद करून बाहेर व्हरांड्यात ठेवलाय. घरी उघडू का? स्क्रूड्रायव्हर आहे.

प्रतिसाद: घरी नको. मागचा पत्रा प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असतो, उचकटताना पातं बॅटरीत घुसलं तर धूर निघेल. जो उघडेल त्याला तीनच गोष्टी सांगा: आधी बॅटरीचा जोड काढा, मग दोन्ही पट्ट्या काढून टोकं बघा, काळी पडली असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि सॉकेटची काळी कडी उघडून पट्टी सरळ बसवून मगच कडी मिटवा. बॅटरी न लावता चार्जरवर चालवून बघा, बहुतेक लॅपटॉप चालतात. त्यानंतरही बंद असेल तर बोर्डाकडे वळायचं.

धागाकर्ती, अपडेट: उघडून घेतला, माझ्या समोर. शिवोलीच्या पुढे एक मुलगा घरीच दुरुस्ती करतो, चुलत भावाने नेलं. बॅटरीच्या तीन पाकिटांपैकी मधलं उशीसारखं टम्म झालेलं, आणि कीबोर्डची पट्टी सॉकेटमधून एका बाजूने बाहेर, डोळ्यांना दिसत होतं इतकी तिरकी. टचपॅडच्या पट्टीच्या टोकावर हिरवट पुटं होती, ती खाऱ्या हवेचीच असं तो म्हणाला. पुसून, सरळ बसवून, बॅटरीशिवाय लावला आणि पहिल्याच वेळी कॅप्स लॉकचा दिवा लागला. टचपॅडही चालतोय, कोपरा खाली बसला, फक्त डावं क्लिक अजून किंचित जड आहे. मदरबोर्डला काहीही झालेलं नाही. बारा हजार वाचले, ते फक्त तुमच्यामुळे.

नवीन बॅटरी लॅपटॉपच्या मॉडेलवरून न घेता जुन्या बॅटरीवर छापलेल्या पार्ट नंबरवरून घ्या असं त्याने सांगितलं कारण एकाच मॉडेलमध्ये दोन आकाराच्या येतात. जुनी त्याने वाळूच्या बादलीत ठेवलीय. इथे पावसात सारखा करंट जातो म्हणून आमचा लॅपटॉप दिवसरात्र चार्जरवरच असायचा, सतत १०० टक्के नि वर गरम, त्याने बॅटरी लवकर फुगते. नवी लागली की बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवायची सोय आहे ती लावणार. तोपर्यंत बाबांना दर पाच मिनिटांनी सेव्ह होईल असं करून दिलंय, करंट गेला की लॅपटॉप तिथल्या तिथे बंद होतो ना आता.

फोंड्याचे दादा, तुम्ही बॅटरी ओरिजिनलच घ्या म्हणाल हे माहीत आहे, पण ऑनलाइन जी दिसते ती ओरिजिनल लिहून कोणीही विकतंय. म्हापसा किंवा पणजीत खात्रीची कुठे मिळाली असेल कोणाला तर दुकान व्यनि (खाजगी निरोप) करा, पार्ट नंबर मी लगेच पाठवते.