मदत हवी आहे: वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही. नेटवर्क रिसेट करू का?

मंडळी, विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. परवाच्या अपडेटनंतर वायफाय 'कनेक्टेड, नो इंटरनेट' दाखवतोय. त्याच राउटरवर घरातले सगळे मोबाईल मस्त चालतात, आणि लॅपटॉपला लॅनची केबल लावली की त्यावरही नेट येतं. म्हणजे लाईन ठीक आहे, दुखणं वायफायचंच.

आयपीकॉन्फिगमध्ये (नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड) वायफायचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा येतो, म्हणजे राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतच नाहीये. रिलीज-रिन्यू (तो पत्ता सोडून नवा मागणं) केलं तर बराच वेळ कर्सर लुकलुकतो आणि शेवटी एरर. डीएनएस फ्लश केला (साइट्सचे साठवलेले पत्ते पुसले), 'नेटशेल विनसॉक रिसेट' (विंडोजच्या नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीत आणणारी कमांड) करून रीस्टार्टही झाला. फरक शून्य. (राउटर बंद-चालू केलाय, कृपया तेच सांगू नका!)

आता उरलं सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रिसेट'. त्याने सगळे अडॅप्टर (लॅपटॉपला नेटवर्कशी जोडणारे भाग) निघून पुन्हा बसतात आणि वायफायचे पासवर्ड जातात, ते चालेल. धास्ती आहे ती ऑफिसच्या व्हीपीएनची (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारं सॉफ्टवेअर). तो ऑफिसच्या आयटीवाल्यांनी बसवलाय, गेला तर सोमवारपर्यंत काम ठप्प.

त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमधून फक्त वायफाय अडॅप्टर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं तर भागेल का? की आधी ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) रोलबॅक करून, म्हणजे जुन्या आवृत्तीवर नेऊन बघू? रिसेटनंतर कुणाचा व्हीपीएन टिकला असेल तर जरूर सांगा.